शालेय परसबाग

शाळेच्या आवारात किंवा लगतच्या जागेत विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या सोबतीने केलेली भाजीपाल्याची व फळझाडांची लागवड. घरामागच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू, केळ, शेवगा, कढीपत्ता जगवण्याची महाराष्ट्रातली रीत फार जुनी आहे. शाळेने तीच आपल्या अंगणात आणली. शाळेपुढच्या गुलाब-शेवंतीच्या ताटव्यांना परसबाग म्हणत नाहीत. शाळेच्या मालकीची जमीन कुणाला वाट्याने कसायला दिली, तर तीही परसबाग नव्हे. पेरणारा, पाणी घालणारा आणि खाणारा विद्यार्थीच असावा, ही तिची खूण. महाराष्ट्रात ती मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत व आश्रमशाळांत आढळते आणि तिच्यातला माल शालेय पोषण आहाराच्या खिचडी-आमटीत जातो.

पूर्वपीठिका : फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. त्याच्या बालोद्यानात बाग खरोखरीची होती : प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि भोवती सर्वांचे सामाईक वाफे. ऑस्ट्रियाच्या १८६९ च्या शिक्षण कायद्याने ग्रामीण शाळांना बागेसाठी जागा ठेवायला सांगितले. न्यूयॉर्कमध्ये फॅनी पार्सन्स यांनी १९०२ साली पडीक जागेवर मुलांची शेतशाळा सुरू केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने शालेय मुलांची ‘गार्डन आर्मी’ उभी केली. हेतू अन्नटंचाईला तोंड देण्याचा होता, त्यामुळे युद्ध सरताच तिचा सरकारी आधारही आटला. वरून आलेल्या मोहिमेतून जन्मलेल्या बागांचे पुढेही बहुधा असेच झाले आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ॲलिस वॉटर्स यांनी १९९५ मध्ये एका शाळेत सुरू केलेला उपक्रम मात्र टिकला, कारण तिथे बागेच्या जोडीला मुलांसाठी स्वयंपाकघर होते आणि दोन्ही गोष्टी अभ्यासाच्या तासांत बसवल्या होत्या.

भारतात या विचाराला वेगळी धार आली. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली वसवलेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी मुलांकडून बागकाम करून घेतले होते. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२४ मध्ये ‘शिक्षासत्र’ काढले, तेही हाताच्या कामाभोवती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे, हे तिचे सूत्र. शेती व बागकाम हा त्या उद्योगांपैकी एक. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा, ही अपेक्षा वादाची ठरली. परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन यांनीच तिथे इशारा दिला होता की, स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या कष्टांवर स्वार होतील. हा इशारा आजही जुना झालेला नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला आपले उत्तर आधीच शोधले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथली मुले शेतात राबत, भाजीपाला पिकवत आणि जातिभेद न मानता एकाच पंगतीला जेवत. या पद्धतीचे ‘कमवा आणि शिका’ हे नाव बहुतेकांना ठाऊक असते. पण सगळ्या जातींच्या हातांनी एकाच वाफ्यात काम करून त्याच वाफ्यातली भाजी एकत्र खाल्ली, ही त्यातली मोठी गोष्ट होय. शाळेतली बाग पोषणापुरती नसते, हे इथे दिसले. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि शेती-पशुपालन हा तांत्रिक शिक्षणाच्या चार शाखांपैकी एक केला. माध्यमिक वर्गातला मुलगा रोपवाटिका करतो, खताचा हिशोब मांडतो, गावाला सेवा पुरवून तिचे पैसे घेतो, असा तो अभ्यासक्रम आहे. दरम्यान कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. तो वेळापत्रकात आला खरा, पण पुष्कळ शाळांत कागदी वस्तू करण्यापुरता उरला.

सध्याची योजना : केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर गच्चीवर, कुंड्यांत किंवा जुन्या डब्यांत लागवड करावी, असे त्यांत सुचवले आहे. माध्यान्ह भोजन योजनेचे २०२१ मध्ये ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नामांतर झाले, तेव्हाही परसबागेचा पुरस्कार कायम राहिला. महाराष्ट्रात परसबागांच्या स्पर्धाही घेतल्या जातात.

भाजीचे गणित : पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी, असे योजनेचे प्रमाण आहे. पहिली ते पाचवीची शंभर मुले असतील तर रोज ५ किलो आणि २०० दिवसांत १ टन भाजी लागते. आता जमीन पाहू. टोमॅटो-वांग्याचे साधे उत्पादन हेक्टरी २० टन धरले, तर एका गुंठ्यातून, म्हणजे १,०८९ चौरस फुटांतून, एका हंगामात २ क्विंटल माल निघेल. मुलांचे हात, उरलेसुरले पाणी आणि कुंपणातून शिरणारी शेळी हिशोबात धरली, तर त्याहून कमीच. म्हणजे परसबागेने पातेले भरत नाही आणि ते भरावे म्हणून मुलांना जुंपूही नये. भाजीचा खर्च वाचतो, हा तिच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद लंगडा आहे.

तिचे मोल दुसरीकडे आहे. खिचडीसाठी विकत आणायची तर टिकाऊ म्हणून बटाटा आणि कांदाच पुढे येतो. पालेभाजी बाजारातून शाळेत पोचेपर्यंत माना टाकते. ती जागा परसबाग भरून काढते. शिजायच्या अर्धा तास आधी खुडलेला पालक, राजगिरा, शेवग्याचा पाला पातेल्यात पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची दोन-तृतीयांशांहून अधिक बालके रक्तक्षयी आढळली. त्यांतली पुष्कळ मुले आज प्राथमिक वर्गांत बसतात. शेवग्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि अ-जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य भरपूर असते, आणि एकदा रुजलेला शेवगा कुणी पाणी घातले नाही तरी उभा राहतो. एकच झाड लावायची सोय असलेल्या शाळेने शेवगाच लावावा.

हंगाम आणि शाळेचे वर्ष : शाळा जूनच्या मध्यावर उघडते (विदर्भात थोडी उशिरा) आणि पाऊसही त्याच सुमारास लागतो, हा जुळून आलेला योग सोडू नये. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी यांचे बी जून-जुलैत टोकतात. भेंडी दीड महिन्यात तोडायला येते, म्हणजे स्वातंत्र्यदिनानंतर लगेच. वेलभाज्यांना मांडव लागतो आणि तो घालण्यात मोठ्या वर्गातील मुलांना भूमितीच्या तासापेक्षा जास्त भूमिती सापडते. दिवाळीच्या सुटीआधी टोमॅटो, वांगी, कोबी यांची रोपे लावून ठेवावीत आणि मेथी, पालक, मुळा, गाजर सुटीनंतर पेरावे. लहान मुलांच्या हाती प्रथम मेथीचा वाफा द्यावा. ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढता येते. सहा वर्षांच्या मुलाचा धीर तेवढाच असतो. कोथिंबिरीला थांबावे लागते : धणे चपलेने किंवा फळीने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, मग पेरावे, तरी कोंब दिसायला आठवडा-दहा दिवस जातात.

मे महिना हा परसबागेचा खरा वैरी. शाळा बंद, पाणी आटलेले, गुरे मोकाट. म्हणून एप्रिलअखेर हंगामी वाफे रिकामे करून त्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन पसरणे शहाणपणाचे असते. सुटीत फक्त बारमाही झाडे जगवायची. छोटे छिद्र पाडून त्यात कापडाची वात घातलेले मडके त्यांच्या बुंध्याशी पुरतात. भरलेले मडके तीन-चार दिवस ओल धरते. जवळ राहणाऱ्या मुलांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने पाळ्या लावल्या नाहीत, तर पुढच्या जूनमध्ये नव्याने सुरुवात करावी लागते.

एरवीच्या पाण्याची सोय शाळेतच असते. जेवणाआधी-नंतर हात धुताना मुलामागे अर्धा लिटर पाणी धरले, तरी शंभर मुलांचे ५० लिटर होते. साबणाचे पाणी आधी केळी, कर्दळ यांच्या आळ्यातून जाऊ द्यावे. कच्च्या खायच्या मुळा-गाजर-कोथिंबिरीला ते घालू नये.

वाफ्यावरचा अभ्यास : दुधीच्या किंवा लाल भोपळ्याच्या वेलाला फुलेच फुले येतात आणि फळ धरत नाही, तेव्हा मुले हमखास विचारतात, ‘बाई, फुलं का गळतात?’ या प्रश्नावर आठवडाभर शिकवता येते. वेलाची फुले जवळून पाहायला सांगावे. काहींचा देठ सडपातळ असतो. काहींच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढा इवला भोपळा आधीच असतो. पहिले नर, दुसरे मादी. आधी बहुधा नरफुलेच येतात, म्हणून पहिली फुले गळली तर घाबरायचे कारण नाही. मादीफुले आल्यावरही फळ पिवळे पडून गळत असेल, तर मधमाश्या कमी आहेत. अशा वेळी नरफूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातला परागकोश मादीफुलाच्या मध्यभागी हळूच टेकवतात. लाल भोपळ्याला हे सकाळी करावे लागते. दुधीची पांढरी फुले मात्र संध्याकाळी उमलतात. कोणत्या मुलाने कोणत्या फुलाला पराग लावला, ते देठाला रंगीत दोरा बांधून ठेवतात, आणि चारेक दिवसांत इवला भोपळा फुगायला लागतो. परागीभवनाची व्याख्या नंतर सांगितली तरी चालते.

पपई हाही असाच पाठ. बियांपासून केलेल्या देशी पपईत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुले येईपर्यंत ओळखू येत नाहीत. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात, फुलोरा आल्यावर जास्तीचे नर काढतात आणि साधारण दहा मादी झाडांमागे एक नर राखतात. लावल्यापासून नऊ-दहा महिन्यांत फळ हाती येते, म्हणजे लावणाऱ्या मुलांना त्याच शाळेत ते खाता येते. पेरू-लिंबाला दोन-तीन वर्षे लागतात. ती झाडे पहिली-दुसरीच्या मुलांनी लावावीत.

कीड पडली की औषध फवारायचा मोह होतो. मुले जिथे हात घालतात आणि तोडता तोडता खातात, तिथे रासायनिक कीटकनाशकाला जागा नाही. मावा, तुडतुडे यांवर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो : अर्धा किलो निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, पाणी घालून १० लिटर करायचे आणि त्यात थोडा साबणचुरा विरघळवायचा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी गोळा कराव्या लागतात, हे मुलांना एका वर्षात पाठ होते.

दोष व मर्यादा : श्रमाची वाटणी हा सर्वांत नाजूक भाग आहे. शेण कालवायचे काम त्याच त्या मुलांना, पाणी भरायचे काम मुलींना आणि फोटोपुरते खुरपे पुढाऱ्याच्या मुलाच्या हातात, असे जिथे होते तिथे बाग नसलेली बरी. बागकाम शिक्षा म्हणून देणे त्याहून वाईट. शिक्षा म्हणून धरलेले खुरपे मूल पुन्हा आवडीने धरत नाही. स्पर्धांनी अनेक शाळांत पहिला वाफा घातला, हे त्यांचे श्रेय आहे. पण परीक्षक येण्याच्या आठवड्यात रोपवाटिकेतून तयार रोपे आणून ओळीत लावली जातात, तेव्हा मुलांच्या वाट्याला बघ्याची भूमिका येते. काय पेरायचे, कुठे पेरायचे आणि पीक बुडाले तर का बुडाले, हे मुलांनी ठरवले तरच ती त्यांची बाग.

बाग लावली की मुले आपोआप जास्त भाजी खातात, असाही समज आहे. जागतिक भाजीपाला केंद्राच्या संशोधकांनी नेपाळच्या शाळांत याची पद्धतशीर तपासणी केली. शालेय बागेने मुलांचे ज्ञान वाढले, भाज्यांची आवड सांगण्याचे प्रमाणही वाढले. खाण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. पुढच्या अभ्यासात शाळेच्या बागेला घरच्या परसबागेची आणि पालकांच्या प्रशिक्षणाची जोड दिली, तेव्हा खाणेही वाढले. ताटात काय पडावे हे घर ठरवते. महाराष्ट्रात दुपारचे जेवण शाळेतच शिजते, त्यामुळे इथे निम्मी वाट आधीच सोपी झाली आहे. उरलेली वाट घराच्या परसापर्यंत जाते.

बियाणे : घरापर्यंत पोचण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, घेवडा व इतर वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेतही हे जमते. भेंडी, चवळी, वाल, दुधी यांचे एकेक निरोगी फळ वेलावर-झाडावर जून होऊ द्यायचे, बी सावलीत वाळवायचे, राखेत घोळून बरणीत भरायचे आणि वाणाचे नाव व साल लिहून ठेवायचे. भेंडी व वेलभाज्यांत परागसंकर होतो, म्हणून एका हंगामात एकाच जातीचे बी धरावे. दुकानातून आणलेल्या संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. त्यामुळे बी धरायचे असेल तर सुरुवात गावरान किंवा सुधारित सरळ वाणानेच करावी. मे महिन्याच्या सुटीला जाताना प्रत्येक मुलाच्या हाती चार बियांची पुडी दिली, तर जूनच्या पहिल्या पावसात ती घरच्या मोरीपाशी पडते.