एका वकिलाचे घर

मनमाड–काचीगुडा लोहमार्गावर परतूर नावाचे स्थानक लागते. आज ते जालना जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा १९८१ सालचा. १९३७ मध्ये याच परतुरात गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि निजामाच्या राज्यातील मराठी माणसाला प्रथमच स्वतःचे सार्वजनिक व्यासपीठ मिळाले. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ नुसार सरकारची पूर्वपरवानगी लागे, असा तो काळ. परतूरचा उल्लेख आला की मला मात्र त्या मांडवात नसलेला माणूस आठवतो. केशवराव कोरटकर. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

केशवरावांचा जन्म १८६७ चा, वसमत तालुक्यातल्या पुरजळचा. वकिली सुरू केली ती गुलबर्ग्यात, म्हणजे एका मध्यम आकाराच्या जिल्ह्याच्या गावी. पुढे १८९६ च्या सुमारास ते हैदराबादेस आले. न्यायालयाची भाषा उर्दू, पक्षकाराची मराठी, कन्नड किंवा तेलुगू. या दोहोंमधला दुभाषा म्हणजे वकील. 'पेशी', 'मिसल', 'अर्जी' हे शब्द मराठवाड्याच्या बोलीत मुरले ते याच व्यवहारातून, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. केशवराव दिवसभर उर्दूत युक्तिवाद करीत आणि त्या मिळकतीचा वाटा मराठी शाळांकडे वळवीत. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी, दोन्ही १९०७ च्या. 'निजामविजय' साप्ताहिकालाही त्यांचा आधार होता. पुढे ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. निजामाच्या न्यायासनावर बसायचे आणि निजामाला नको असलेली जागृतीही करायची, हा समतोल त्यांना कसा साधला? आजच्या वाचकाला यात तडजोड दिसेल. मला ती वकिली चिकाटी वाटते: कायदा जिथवर जाऊ देतो तिथवर जायचे, आणि रोज एक पाऊल पुढे टाकून पाहायचे.

मात्र या कथेला एक बोचरे पान आहे आणि ते गाळून केशवरावांचे स्मरण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूतून बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी हुर्यो उडवून त्यांना बोलू दिले नाही. त्याच रात्री तेलुगू मंडळी जमली आणि आंध्र जनसंघाची पायाभरणी झाली. उर्दूच्या सक्तीने गुदमरलेल्या मराठी माणसाने, मराठीसाठीच उभारलेल्या वास्तूत, दुसऱ्या भाषेचा गळा दाबावा! परतूरची परिषद सोळा वर्षांनंतरची. भाषेच्या नावाने संघटित होण्याची वाट शेजाऱ्यांनी आधीच चोखाळली होती, आणि त्यांना त्या वाटेला लावले होते आपणच.

घरातले केशवराव त्यांच्या एका निर्णयातून दिसतात. ते आर्यसमाजी होते, पण त्यांची निष्ठा व्याख्यानापुरती नव्हती. मुलाला, विनायकरावांना, त्यांनी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात पाठवले. नामांकित वकिलाला मुलासाठी सोपी वाट धुंडाळणे अवघड नव्हते. त्या काळी हैदराबादहून हरिद्वार म्हणजे मूल डोळ्यांआड करणेच. त्या घरात मुलाच्या रिकाम्या जागेविषयी काय बोलले गेले असेल? कुटुंबवत्सल माणसाच्या चरित्रात अशी जागा कोरीच राहते. मुलगा परतला तो 'विद्यालंकार' ही पदवी घेऊन, आणि तीच त्याचे आडनाव होऊन बसली. पुढे विलायतेला जाऊन तो बॅरिस्टर झाला, म्हणजे अखेर वडिलांच्याच पेशात आला.

केशवराव १९३२ मध्ये वारले. विनायकरावांनी १९४० मध्ये हैदराबादेत केशव स्मारक शाळा सुरू केली. पुढे रझाकारांचे अत्याचार वाढले तेव्हा संस्थानातील वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. त्या बहिष्काराचे नेतृत्व विनायकरावांकडे होते. वडिलांनी ज्या न्यायालयांत हयात घालवली, त्यांच्या पायऱ्या मुलगा सहकाऱ्यांना घेऊन उतरला.