नोकरी सांभाळून ऑनलाइन अध्यापन : आधी परवानगी, मग शुल्क

सोलापूर : दिवसा नोकरी आणि सायंकाळी शिकवणी हे समीकरण सोलापूरकरांना नवे नाही. सात रस्ता परिसरात वर्ग सुरू करायचा, तर खोलीचे भाडे, अनामत रक्कम, बाकडी व फळा यांचा खर्च आलाच. ऑनलाइन वर्गाला तो लागत नाही. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा नांदणाऱ्या या शहरात हिशेबशास्त्र किंवा संगणक दोन भाषांत समजावून सांगणाऱ्यास जिल्ह्याबाहेरील विद्यार्थीही मिळू शकतात. मात्र या जोडउत्पन्नापायी मूळ नोकरी धोक्यात येऊ नये, यासाठी काही नियम ठाऊक असणे आवश्यक आहे.

शाळेतील शिक्षक : पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार खासगी शिकवणीस मनाई आहे. वर्ग ऑनलाइन घेतला म्हणून ती टळत नाही. परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये 10 लाख डॉलरचे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा त्यांचा उपक्रम विशेष गाजला. परंतु शाळेच्या कामात तंत्रज्ञान वापरणे वेगळे आणि त्याच तंत्रज्ञानावर सशुल्क शिकवणी घेणे वेगळे.

शासकीय कर्मचारी : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय किंवा अन्य नोकरी करता येत नाही. परवानगी लेखी घेणे इष्ट.

खासगी नोकरदार : येथे नेमणूकपत्रातील अटी निर्णायक ठरतात. स्पर्धक कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून 300 जणांना कमी केल्याचे विप्रोने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केले होते. अध्यापन म्हणजे स्पर्धकाची चाकरी नव्हे. तरीही अट संदिग्ध असल्यास मनुष्यबळ विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा.

पाठ कोणाचे? : नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, कॉपीराइट कायदा, 1957 नुसार सामान्यतः मालकाकडे जातो. त्यामुळे टिपणे स्वतःच्या वेळेत व स्वतःच्या संगणकावर तयार करावीत. कार्यालयातील माहिती उदाहरणादाखलही वापरू नये.

हिशेब : समजा, 20 विद्यार्थ्यांकडून दरमहा 500 रुपये घेतले, तर 10 हजार रुपये होतात. आठवड्याला तीन तास वर्ग आणि तयारी, शंका व तपासणीस आणखी सहा तास धरले, तर चार आठवड्यांत 36 तास खर्ची पडतात. म्हणजे तासाला सुमारे 278 रुपये. यातून इंटरनेटचा खर्च वजा होतो. शुल्क ठरविताना केवळ वर्गाचे तास मोजणारे येथेच फसतात.

कर : हे उत्पन्न वेतनाबरोबर विवरणपत्रात दाखवावे लागते. वेतनातून कापलेला कर वजा जाता वर्षाची करदेयता 10 हजार रुपये किंवा अधिक असल्यास आगाऊ कर भरावा लागतो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेल्यास जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. वेतन या उलाढालीत धरले जात नाही.

जाहिरात करण्यापूर्वी नेमणूकपत्र पुन्हा एकदा वाचावे आणि पहिल्या शुल्कापासून पावती ठेवावी. जोडधंदा बंद पडला तर पुन्हा उभारता येतो. गेलेली नोकरी परत मिळविणे त्याहून कठीण असते.