पराभूताचा होकार: पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा धडा



निवडणुकीच्या इतिहासावर बोलावयास उभा राहणारा वक्ता बहुधा विजेत्यांची कथा सांगतो. मला आज पराभूतांविषयी बोलावयाचे आहे. जो हरला त्याने, आणि ज्यांनी त्याला मते दिली त्यांनी, 'होय, आम्ही हरलो' असे का म्हणावे? ज्या दिवशी हरलेला हे म्हणेनासा होतो, त्या दिवशी मतपेटी जाऊन लाठी पुढे येते. हा होकार सरकारी हुकमाने मिळत नाही. तो गल्लीगल्लीतून आणि चाळीचाळीतून कमवावा लागतो. आपल्या देशाने तो कसा कमावला, आणि कोठे त्यात उणे राहिले, हे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फार स्पष्ट दिसते.

इंग्रजी अमलात १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरे. प्रांतिक निवडणुकांतील मतदार तीन कोटींच्या आसपास होते. स्वतंत्र भारताने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत दिले आणि मतदारांची संख्या सतरा कोटींवर गेली. १९५१ च्या शिरगणतीत साक्षरता शेकडा १८ च्या जवळपास भरली. अशा देशात ही निवडणूक म्हणजे निव्वळ जुगार, असे म्हणणारे शहाणे तेव्हा पुष्कळ होते.

परंतु कामाला आरंभ आधीच झाला होता. राज्यघटना पुरी होण्यापूर्वीच, १९४७ च्या अखेरीपासून, घटनासमितीच्या कचेरीने मतदारयाद्यांची तयारी हाती घेतली. यादी ही वरवर पाहता कारकुनाची बाब. पण लोकशाहीशी सामान्य माणसाची पहिली गाठ पडते ती या यादीतच. फाळणीने घरदार सुटलेला निर्वासित कोणत्या गावचा? रहिवासाचा पुरावा त्याने आणावा कोठून? निर्वासितांच्या संस्थांनी आणि गावोगावच्या नागरिक मंडळांनी दिल्लीला पत्रे लिहिली, तक्रारी केल्या, आमची नावे का गाळता म्हणून जाब विचारला. त्या कचेरीने पत्रांना उत्तरे दिली, प्रांतांकडे खुलासे मागितले, आणि येथे कायम राहण्याचा मनोदय जाहीर करणाऱ्या निर्वासिताचे नाव घ्यावे असा मार्ग काढला. घटनेचे पुस्तक हाती येण्याआधीच हजारो माणसांना कळले की आपण विचारले तर उत्तर मिळते. विश्वासाचा पाया येथे पडला.

बायकांच्या बाबतीत मात्र हा पाया अनेक ठिकाणी कच्चा राहिला. उत्तरेकडील प्रांतांत नोंदणी करणारा दारात आला की उत्तर मिळे, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. परक्या पुरुषास स्वतःचे नाव सांगणे रीतीस धरून नव्हते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले की मतदार म्हणजे स्वतंत्र व्यक्ती. तिचे स्वतःचे नाव असलेच पाहिजे. बिहारात त्यासाठी मुदत वाढवून दिली आणि तिचा उपयोगही झाला. तरी देशभरातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे शेवटी बाद करावी लागली. सेन यांचे तत्त्व निःसंशय योग्य होते. पण शेजारच्याच एखाद्या शिकलेल्या बाईने दारात जाऊन 'अगं बाई, नाव सांग, ते तुझेच आहे' असे म्हटले असते, तर यांतील किती नावे वाचली असती! परक्या कारकुनाला जे जमत नाही ते ओळखीच्या माणसाला जमते.

मतदानाची रीतही लोकांची कुवत ओळखून ठरविली होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. बैलजोडी, झाड, झोपडी, हत्ती, विळा आणि कणसे: ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही ही ओळखू येत. मतपत्रिका रुपयाच्या नोटेएवढी आणि छापली आपल्या नाशिकच्या मुद्रणालयात. बोटाला न पुसणारी शाई. त्याआधी देशभर लुटुपुटीच्या निवडणुका घेऊन माणसांना सवय दिली गेली, आणि तीन हजारांवर चित्रपटगृहांतून माहितीपट दाखविला गेला. पेटी रिकामी आहे हे उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून मगच ती बंद करावयाची, असा दंडक होता.

या शेवटच्या गोष्टीचे मोल युनियनच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. वर्गणीचा हिशेब खजिनदाराच्या प्रामाणिकपणावर कोणी सोडत नाही. तो सर्वसाधारण सभेत वाचला जातो, कोणीही उठून पावती मागू शकतो. खजिनदारही त्यामुळेच ताठ मानेने वावरतो. विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. ज्याला तपासता येते त्याचाच विश्वास टिकतो.

या तपासणीचे फळ आपल्याच मुंबई राज्यात दिसले. राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई बलसाडच्या बाजूच्या मतदारसंघातून अवघ्या १९ मतांनी पडले. पोलीस त्यांच्या हाताखाली, सरकार त्यांच्या पक्षाचे. तरी तो निकाल उभा राहिला. पुढे पक्षाने त्यांनाच मुख्यमंत्री केले ही गोष्ट वेगळी. पण मंत्र्यालाही १९ मतांनी पाडता येते हे लोकांनी पाहिले, आणि अशा एका निकालाने जे साधते ते शंभर भाषणांनी साधत नाही.

दुसरे उदाहरण मुंबई शहरातले, आणि ते मनाला टोचणारे आहे. उत्तर मुंबईच्या लोकसभा मतदारसंघातून दोन सभासद निवडावयाचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला मते दोन. पण ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे नारायण काजरोळकर यांच्याकडून १४-१५ हजारांच्या फरकाने हरले, आणि सुमारे ७४ हजार मते मोजणीत धरलीच गेली नाहीत. आंबेडकर आणि त्यांचे सहउमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. मतदारांना दुसरे मत मुद्दाम कुजवावयास सांगितले गेले, असाही त्यांचा आक्षेप होता. अर्ज फेटाळला गेला; कायद्याने प्रकरण मिटले. परंतु गिरणगावच्या चाळींत ते कित्येक वर्षे मिटले नाही. ज्या नियमाचा उलगडा सामान्य कामगाराला झाला नाही, त्या नियमाने लागलेला निकाल कितीही कायदेशीर असला तरी मनात सल ठेवून जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उणिवा लपविल्या गेल्या नाहीत. १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ रद्द झाले. वेगवेगळ्या पेट्यांच्या पद्धतीत मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकता येते अशी शंका होती. म्हणून पुढे एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत आली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती रुळली. लोकांनी शंका काढावी आणि व्यवस्थेने बदलावे, यालाच मी लोकशाहीची प्रकृती म्हणतो.

आज पेटीच्या जागी यंत्र आले. त्याविषयीही शंका निघाल्या. २०१३ पासून मताची चिठ्ठी दाखविणारे यंत्र जोडले जाऊ लागले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्वत्र होते. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान होते, मतदान संपल्यावर नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब त्यांच्या हाती दिला जातो. पण पहाटे तेथे हजर राहणारा प्रतिनिधीच नसेल तर ही सोय कोणाच्या उपयोगाची? प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा आपल्या आळीतील मृतांची, स्थलांतरितांची आणि नव्या सुनांची नावे किती जण पाहतात? निकालानंतर शिव्या देणारे शेकडो, आणि यादीवर हरकत घेणारा एखादा.

शंका काढण्याचा हक्क नागरिकाला आहेच. माझे मागणे एवढेच की शंकेने घरी बसू नये. तिने यादी वाचावी, केंद्रावर उभे राहावे, हिशेब मागावा. ज्या मोहल्ल्यात, ज्या चाळीत अशी दहा माणसे निघतील, तेथला पराभूत उमेदवार रात्री घरी जाताना म्हणेल, 'हरलो खरा, पण मोजणी माझ्या माणसांच्या डोळ्यांदेखत झाली.' पुढच्या निवडणुकीला तो पुन्हा उभा राहील तो या एका वाक्याच्या बळावर.