रमाबाईंचं बायबल: अर्थ सांगायचा कुणी?

पंडिता रमाबाई म्हटलं की शारदा सदन आठवतं, केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. आज मला बोलायचंय ते त्यांच्या वाचनाबद्दल. ही बाई बायबल कशी वाचत होती?

सुरुवात गमतीशीर आहे. १८७८ मध्ये रमाबाई आणि त्यांचे भाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांना चक्क संस्कृत बायबल भेट दिलं. आता, भागवत मुखोद्गत असलेली बाई! पण ती संस्कृत त्यांच्या ओळखीची नव्हतीच. हे वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं त्यांना वाटलं. त्याच शहरात केशवचंद्र सेनांनी त्यांना वेदाची प्रत दिली, तर त्या म्हणाल्या, बायकांना वेद वाचायचा अधिकार नाही. म्हणजे एक ग्रंथ कळत नव्हता आणि दुसऱ्याला हात लावायची बंदी.

पुढे इंग्लंडला गेल्यावर लंडनमधल्या फुलहॅमला त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते. असं का, हे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली गेली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची. येशू तिच्याशी धर्माबद्दल बोलतो, तिला हाकलत नाही. एका बाईशी धर्मचर्चा! वेद नाकारलेल्या रमाबाईंना ती कशी ऐकू आली असेल, विचार करा.

१८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण खरी भांडणं इथूनच सुरू झाली. ख्रिस्ताचं देवत्व, त्रैक्य, सगळ्यावर त्यांच्या शंका. सिस्टर जेराल्डिन यांचं म्हणणं, चर्च सांगतं तो अर्थ नम्रपणे मान. रमाबाईंचं म्हणणं, पुरोहितांच्या तावडीतून आत्ता कुठे सुटलेय, परत तेच जोखड कशाला? क्रॉसवरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. ब्राह्मणांना संस्कृतचं जे वाटतं तेच तुम्हाला लॅटिनचं वाटतं का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मला तर हे पत्र त्यांच्या भाषणांपेक्षा भारी वाटतं.

मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, आणि केडगावात अख्खं बायबल मराठीत आणायचं ठरवलं. साध्या बाईला कळेल असं. वेदान्ताचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांना नको होते. एवढी मोठी संस्कृत पंडिता, आणि संस्कृतच गाळायला बसली! माझ्या मते यात एक अडचण आहे. शब्द धुवून कोरे होत नाहीत. ‘पाप’ म्हटल्यावर मराठी माणसाला आदाम-हव्वा आधी आठवणार की गंगास्नान?

बाकी काम मात्र अफाट होतं. छपाई मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.