पावसाळा, पागा आणि कृमी

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिक मासात आकाशदिवे लागतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा यांचा संगम येथे मानला जातो. घाटावरील बिंदुमाधवाचे आजचे देवालय औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. आगगाडी येण्यापूर्वी महाराष्ट्रातील यात्रेकरू येथे पोहोचत ते पायी, पालखीत किंवा घोड्यावर. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेस निघाल्या. त्यांनी पावसाळा जयपुरास काढला व शरद ऋतूत काशी गाठली.

लष्कराचा रिवाजही असाच होता. दसऱ्यास सीमोल्लंघन करावे आणि पाऊस पडण्यापूर्वी छावणीस परतावे. परंतु छावणीत घोडा निर्धास्त होता असे नव्हे. राज्याभिषेकापूर्वी थोड्याच काळात शिवछत्रपतींनी चिपळुणाकडील आपल्या लष्करी अधिकाऱ्यांस जे पत्र धाडले, त्यात दाणावैरण आधीच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील, अशी कडक ताकीद आहे. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार; घोडा गेला की त्याच्यावर सरकारी घोड्यावरचा बारगीर होण्याची पाळी येई.

भुकेखेरीज दुसरा वैरी होता तो कृमींचा. पावसाळ्यात घोड्याची जखम चिघळते व हिवाळा लागला की भरून येते; तिला लोकांनी ‘बरसाती’ म्हटले. घोड्याच्या जठरातील कृमींची प्रजा लिदीतून माशीच्या अळीत शिरते आणि पुढे तीच माशी ती जखमेवर आणून सोडते. दुसरा रोग ‘कमरी’. त्यात घोड्याची कंबर लुळी पडते व मागचे पाय लटपटतात. याचा कृमी गुराढोरांच्या पोटात बहुधा निरुपद्रवी राहतो. मात्र डासावाटे त्याची पिले घोड्याच्या अंगात गेली, की वाट चुकून मज्जारज्जूत शिरतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत शोहो व इन्स या संशोधकांनी या विकाराचा सविस्तर ऊहापोह केला.

जुन्या सलोतऱ्यास ही साखळी ठाऊक नव्हती. ऋतू मात्र ठाऊक होता. त्याच्या धंद्याचे नावच अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र याच्यावरून आलेले आहे. वावडिंग आणि पळसपापडी ही कृमिघ्न द्रव्ये आयुर्वेदास पूर्वीपासून परिचित होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रभावी औषधे आली. त्यांपैकी आयव्हरमेक्टिनच्या मूळ शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तथापि ठरावीक मुदतीने सरसकट सर्व घोड्यांस औषध पाजण्याचा परिणाम असा झाला, की आतड्यातील लहान कृमी औषधांस दाद देईनासे झाले. म्हणून आता लिदीतील अंडी मोजून, ज्या घोड्यांत ती अधिक आढळतात त्यांनाच औषध देण्याकडे कल आहे; कारण कळपातील बहुतेक अंडी थोड्याच घोड्यांकडून पडतात. कुरणातील लीद आठवड्यातून दोनदा उचलावी, तबेला कोरडा ठेवावा, माश्या व डास आवरावे, गुरांचा गोठा दूर असावा, हे उपाय औषधाइतकेच मोलाचे ठरले आहेत.

औषधाची धार बोथट होऊ शकते. खराटा आणि पाटी यांची होत नाही. ज्या घोड्यांनी मराठी माणसास गंगातीरापर्यंत नेले, त्यांचे रक्षण राजाच्या ताकिदीइतकेच पहाटे पागा झाडणाऱ्या मोतद्दाराच्या हाती होते.