मिरज–लातूर लोहमार्ग : रूळ रुंद झाले, गाड्यांचे काय?

पुण्या-मुंबईच्या वाचकाला रेल्वे म्हटली की लोकल आठवते, डेक्कन क्वीन आठवते किंवा अलीकडची वंदे भारत आठवते. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि धाराशिवमार्गे लातूरला जाणारा तीनशेहून अधिक किलोमीटरचा लोहमार्ग त्याच्या मनात सहसा येत नाही. आलाच तर आषाढीच्या वारीपुरता, नाहीतर २०१६ च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन गेलेल्या गाडीपुरता. एरवी सांगली, सोलापूर, धाराशिव आणि लातूर या चार जिल्ह्यांतून जाणारा हा मार्ग नकाशावरची एक बारीक रेघ म्हणूनच राहिलेला आहे.

या रेघेवर अधिक आणि चांगल्या प्रवासी गाड्या असाव्यात, ही मागणी जुनी आहे. ‘तेवढे प्रवासी आहेत कुठे?’ हा तिच्यावरचा प्रश्नही तितकाच जुना आहे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून हा वाद नीट मांडून पाहायला हवा.

‘बार्शी लाइट’चा वारसा

या मार्गाचा जन्म ‘बार्शी लाइट रेल्वे’ या नावाने झाला. मुंबई–मद्रास हमरस्त्यावरचे कुर्डुवाडी स्थानक त्या काळी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई. बार्शी ही मराठवाड्याच्या वेशीवरची मोठी व्यापारपेठ, पण रेल्वेपासून जवळपास पस्तीस किलोमीटर दूर. हे अंतर तोडण्यासाठी एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग आखला आणि १८९७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला.

कॅलथ्रॉपचा विचार त्या काळाच्या मानाने धाडसी होता. इंजिन असो, डबा असो वा मालवाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे हलके रूळ चालत, खर्च कमी होई आणि तरीही अरुंद मार्गावरून भरघोस माल वाहता येई. हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. खासगी कंपनीच्या मालकीची ही रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली व ती मध्य रेल्वेत विलीन झाली.

याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ हा त्याच मापाचा ग्रामीण मार्ग उभारला होता. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि पुरेसे उत्पन्न नाही म्हणून १९३४ मध्ये बंद पडला. त्याचा बार्शीचा भाऊ मात्र टिकला. कुर्डुवाडी–पंढरपूर टप्पा २००२ मध्ये ब्रॉडगेज झाला, लातूर–उस्मानाबाद २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ मध्ये. पंढरपूर–मिरज टप्प्याचे रुंदीकरण २०१० च्या सुमारास पार पडले. या कामात मार्गाची आखणी बदलून तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव शहरातून नेण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे असूनही तोपर्यंत या शहराला रेल्वे नव्हती. पुढे विद्युतीकरणही झाले.

म्हणजे प्रश्न नवा मार्ग बांधण्याचा नाही. मोठा खर्च होऊन गेला आहे. त्या रुळांवरून किती गाड्या सोडायच्या, कोणत्या वेळी सोडायच्या आणि कोणासाठी, एवढाच वाद उरला आहे.

विरोधाची बाजू

वाढीव गाड्यांना विरोध करणाऱ्यांचे म्हणणे केवळ कागदी घोडे नाचवणाऱ्या अधिकाऱ्यांचे म्हणणे समजून झटकून टाकता येणार नाही.

पहिला मुद्दा पैशाचा. प्रवासी वाहतुकीत रेल्वेला तोटा होतो आणि तो मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढला जातो. प्रवाशाला सेवा देण्यासाठी शंभर रुपये खर्च आला तर त्याच्याकडून सरासरी चौपन्न रुपयेच घेतले जातात, असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले आहे. २०२२–२३ या वर्षी या सवलतीचा बोजा ५६,९९३ कोटी रुपये होता. कमी भाड्याच्या, दर आठ-दहा किलोमीटरवर थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीत ही तूट अधिकच जाणवणार. तोट्यातील शाखामार्गांचा प्रश्न रेल्वेला नवा नाही. १९६९ मध्ये त्यासाठी समिती नेमली गेली होती आणि १९८० च्या दशकात रेल्वे सुधारणा समितीने असे अनेक मार्ग बंद करण्याची शिफारस केली होती.

दुसरा मुद्दा डब्यांचा आणि चालकांचा. एक रेक ग्रामीण मार्गावर अर्धा रिकामा फिरवायचा की जिथे प्रवासी दारात लोंबकळत आहेत तिथे पाठवायचा, हा प्रश्न मुंबईच्या वाचकाला तरी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा मुद्दा एसटीचा. बस गावाच्या चौकात थांबते, रेल्वे स्थानक बहुतेक ठिकाणी गावाबाहेर असते. त्यात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून मोफत प्रवास आहे. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. सवलतीची सवय ज्यांना लागली ते रेल्वेकडे कशाला वळतील?

चौथा मुद्दा एकेरी मार्गाचा. गाड्या वाढल्या की क्रॉसिंग वाढते, क्रॉसिंग वाढले की खोळंबा वाढतो आणि खोळंबा वाढला की आहेत ते प्रवासीही बसकडे जातात.

समर्थनाची बाजू

या चारही मुद्द्यांना उत्तर आहे आणि त्याची सुरुवात वेळापत्रकापासून होते. या मार्गावरून जाणाऱ्या गाड्यांपैकी अनेक साप्ताहिक किंवा आठवड्यातून ठरावीक वारीच धावणाऱ्या आहेत. कोल्हापूरहून नागपूरला आणि धनबादला जाणाऱ्या गाड्या हे त्याचे ठळक उदाहरण. लांबच्या प्रवाशासाठी त्या उपयुक्त आहेतच. पण ढालगावच्या किंवा जत रोडच्या माणसाला मंगळवारी दवाखान्यात जायचे असेल आणि गाडी शुक्रवारी असेल, तर ती गाडी त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. मग तिकिटांची विक्री कमी होते आणि त्याच आकड्यावरून ‘मागणी नाही’ असा निष्कर्ष निघतो. दुकान आठवड्यातून दोनदा उघडायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून हळहळायचे, असा हा प्रकार आहे.

मागणी कोठून येईल, हे मार्गावरची गावेच सांगतात. बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शीत सुरू झाली. किरणोपचारासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा यावे लागते आणि सोबत घरातले एक माणूस असते. दुसऱ्या टोकाला मिरज. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज ही दक्षिण महाराष्ट्राची वैद्यकनगरी झाली आहे. लातूर हे शिकवण्यांचे आणि ‘लातूर पॅटर्न’चे शहर, मराठवाडाभरातील अकरावी-बारावीची मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. मध्ये पंढरपूर आहे आणि तेथे आषाढी-कार्तिकीखेरीज दर एकादशीलाही माणूस लोटतो. रुग्ण, विद्यार्थी आणि वारकरी हे तिघेही पैसे मोजून खर्च करणारे आणि वारंवार प्रवास करणारे. जवळच्या अंतराचे रेल्वेचे साधे तिकीट एसटीच्या निम्म्या तिकिटापेक्षाही सहसा स्वस्त पडते. खोकणाऱ्या, थकलेल्या माणसाला बसच्या बाकापेक्षा रेल्वेचा डबा किती सुसह्य असतो, हे ज्याने असा माणूस नेला आहे त्यालाच कळेल.

डब्यांच्या टंचाईचेही तसेच. मुंबईच्या गर्दीत भर घालण्यासाठी लागणारी लोकल आणि ग्रामीण मार्गावर धावणारी आठ-दहा डब्यांची मेमू यांची अदलाबदल होत नसते. शिवाय विद्युतीकरण झालेल्या मार्गावर दिवसभर विजेच्या तारा नुसत्याच ताणलेल्या राहाव्यात, हेही परवडणारे नाही. रूळ, स्थानके, सिग्नल आणि स्थानकमास्तर यांचा खर्च गाडी धावली काय, न धावली काय, चालूच असतो. तेव्हा जादा गाडीच्या माथी केवळ तिचा वाढीव खर्चच मारायला हवा. साऱ्या मार्गाचा तोटा दोन पॅसेंजर गाड्यांवर वाटून दाखवला, तर जगातली कोणतीही गाडी तोट्यातच दिसेल.

पाणी, डाळिंब आणि हिशेबाबाहेरचा लाभ

हिशेबवहीत न मावणाऱ्या लाभाची दोन उदाहरणे याच मार्गाने दिली आहेत.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करण्याची वेळ प्रशासनावर आली. तेव्हा मिरजेत कृष्णाकाठचे पाणी वाघिणींत भरून लातूरला रवाना करण्यात आले. प्रत्येकी सुमारे पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल रोजी पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची, म्हणजे पंचवीस लाख लिटरची गाडी जाऊ लागली. हे सर्व शक्य झाले, कारण सहा-आठ वर्षांपूर्वी अरुंद मार्ग रुंद झाला होता. ‘या मार्गाला वाहतूक नाही’ असे म्हणून रुंदीकरण टाळले असते, तर कुर्डुवाडीच्या पुढे पाणी न्यायचे कसे, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

दुसरे उदाहरण सांगोल्याचे. डाळिंबासाठी ओळखल्या जाणाऱ्या या दुष्काळी तालुक्यातून कोलकात्याजवळच्या शालिमारपर्यंत २८ डिसेंबर २०२० रोजी गाडी सोडण्यात आली. देशातील ती शंभरावी किसान रेल्वे होती. ज्या स्थानकाकडे एरवी कोणी वळून पाहत नव्हते, तेथून भाजीपाला व फळे दूरच्या बाजारात गेली.

ही दोन्ही उदाहरणे मालवाहतुकीची आहेत, असा आक्षेप निघू शकतो आणि तो योग्यही आहे. पाण्याची गाडी धावली म्हणून प्रवासी गाडीचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही. पण ‘आज वाहतूक कमी आहे, म्हणून उद्याही कमीच राहील’ हे गृहीतक किती ठिसूळ आहे, ते त्यांतून नक्की सिद्ध होते.

मागणी आहे, तिचा पुरावाही आहे

गाडी दिली तर प्रवासी येतात, याची खूण २०१७ मध्ये दिसली. लातूर–मुंबई एक्सप्रेस आठवड्यातील काही दिवस बिदरपर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा लातूरमध्ये तीव्र आंदोलन झाले. आपल्या हक्काच्या जागा जातील ही धास्ती त्यामागे होती. जिथे प्रवासीच नाहीत, तिथे जागांसाठी भांडण होत नसते. त्यानंतर २०२३ मध्ये पुणे–हरंगुळ गाडी सुरू झाली. याच हरंगुळ परिसरात मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा आहे आणि त्यातील पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला होता. जिथे रेल्वेचे डबे घडवण्याची योजना आहे, तिथल्या माणसाला बसायला डबा मिळू नये, हा विरोधाभास बोलका आहे.

तरीही एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. मागणीचा हा पुरावा मुख्यतः लातूरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांचा आहे. मिरज–पंढरपूर टप्प्याची आणि गावोगावच्या छोट्या प्रवासाची मागणी अजून कोणी नीट मोजलेली नाही. लोकप्रतिनिधीही बहुधा मुंबईची गाडी मागतात. ती मिळाली की बातमी होते. आरगहून मिरजेला सकाळी दवाखान्याच्या वेळेत पोहोचवणाऱ्या गाडीसाठी मात्र फलक लागत नाहीत.

अडथळ्याचे आणखी एक कारण प्रशासकीय आहे. मिरज हे पुणे विभागात, कुर्डुवाडी ते लातूर सोलापूर विभागात आणि लातूरच्या पुढचे लातूर रोड जंक्शन दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. मार्ग एक आणि धनी तीन. प्रत्येकाच्या दृष्टीने हा मार्ग आपल्या हद्दीच्या कडेला पडलेला.

मग करावे काय?

‘चांगली सेवा’ या शब्दांचा अर्थ आधी निश्चित व्हायला हवा. या मार्गाला वातानुकूलित, दिमाखदार गाडीची निकड नाही. सकाळी मिरज, पंढरपूर, बार्शी आणि लातूरला कामाच्या वेळेत पोहोचवणारी व संध्याकाळी घरी परत आणणारी रोजची गाडी. कुर्डुवाडीला मुंबई–सोलापूर मार्गावरील गाड्यांशी जुळणारी वेळ. आणि दोन्ही टोकांना जोडणारी दिवसाची एक रोजची गाडी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पुणे–सोलापूर मार्गाचे दुहेरीकरण झाल्यामुळे कुर्डुवाडीच्या जोडगाड्यांना जागा नाही, ही सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही.

या गाड्या दोन वर्षे वेळ न बदलता चालवाव्यात आणि स्थानकनिहाय तिकीटविक्री जाहीर करावी. स्थानक ते गाव हे अंतर भागवण्यासाठी एसटीने गाडीच्या वेळेला बस द्यावी. दोन सार्वजनिक सेवांनी एकमेकींचे प्रवासी पळवण्यात कोणाचेच हित नाही. दोन वर्षांनंतरही डबे रिकामेच राहिले, तर समर्थकांनी ते मोकळेपणाने मान्य करावे व गाडी दुसरीकडे जाऊ द्यावी. प्रयोगाला मुदत आणि मोजमाप असेल, तर विरोधकांच्या शंकेलाही न्याय मिळेल.

सव्वाशे वर्षांपूर्वी कॅलथ्रॉपपुढेही हाच प्रश्न होता. बार्शीसारख्या आडबाजूच्या पेठेला मोठी रेल्वे परवडणार नाही, हे त्यालाही मान्य होते. पण त्यावरून त्याने ‘रेल्वेच नको’ असा निष्कर्ष काढला नाही. त्या गावाला झेपेल अशी रेल्वे त्याने बांधली. आज रूळ झेपतील त्याहून मोठे आहेत आणि गाड्या मात्र गरजेहून कमी. ही उफराटी स्थिती सुलटी करायला नवा मार्ग लागणार नाही. एक नीट वेळापत्रक लागेल आणि ते दोन वर्षे पाळण्याचा निग्रह लागेल.