किल्ली, वही आणि केरसुणी

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निफाड तालुक्यात, विंचूर लागते. आज हे नाव कांद्याच्या लिलावामुळे आणि वाइन पार्कमुळे कानावर येते. अठराव्या शतकात ते एका सरदार घराण्यामुळे येई. वसईच्या मोहिमेत लढलेले आणि १७६१ च्या पानिपतातून जिवंत परतलेले विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचे हे गाव. त्यांचे वंशज गावाच्या नावावरूनच विंचूरकर झाले. अशा सरदारी गावातला वाडा म्हणजे केवळ राहते घर नव्हे. शस्त्रे, वस्त्रे, जडजवाहीर, पोथ्या, सनदा आणि हिशेबाची कागदपत्रे तिथेच असत. आज ज्या वस्तू संग्रहालयाच्या काचेमागे दिसतात, त्यांचे पहिले राखणदार अशा वाड्यांमधलेच होते. म्हणून संग्रहालयाची सुरक्षा आणि वास्तूची देखभाल हा विषय परदेशातून आलेले आधुनिक शास्त्र आहे, असे मानायचे कारण नाही. राखण कशी करावी याचा विचार मराठी राज्यकारभारात खोलवर झाला होता. त्यातले मर्म ओळखले, तर आपल्या संग्रहालयांचे आज काय चुकते तेही कळते.

शिवकालीन किल्ल्याची व्यवस्था या विचाराचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. गड एका माणसाच्या हाती सोपवायचा नाही, हे तिचे सूत्र. हवालदाराकडे किल्ल्या असत. सांजसकाळ दरवाजे लावणे-उघडणे त्याने जातीने पाहायचे. सबनिसाकडे वही असे. हजेरी, जमाखर्च आणि पत्रव्यवहार त्याचा. कारखानिसाकडे कोठी असे; धान्य, दारूगोळा, सामान आणि डागडुजी त्याची. शिबंदीवर सरनोबत लक्ष ठेवी. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्या हाती वही नाही आणि वही ज्याच्या हाती, त्याच्या ताब्यात माल नाही. एकाला फितवून भागणार नाही अशी ही रचना होती. आजच्या कोणत्याही जबाबदार संग्रहालयाचा कारभार याच तत्त्वावर चालतो. वस्तूची नोंद एकाने ठेवायची, साठवणीच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे असायची आणि वस्तू जागेवर आहे की नाही याची पडताळणी तिसऱ्याने करायची. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा हेतू नसतो. काही गहाळ झालेच, तर प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता यावा, यासाठी ही व्यवस्था असते.

राखणीचा दुसरा अर्धा भाग स्वच्छतेचा आणि निगेचा. तो आपण आज सफाई खात्याकडे ढकलून मोकळे होतो. जुन्या कारभाऱ्यांनी तो सुरक्षेतच धरला होता. १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याच्या ताकिदीमुळे प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात आगीविषयी फार बारीक सूचना आहे: रात्री दिवा तसाच ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोड्यांची वैरण जळून जाईल. शत्रूच्या तलवारीइतकीच उंदराची धास्ती घेणारा हा दृष्टिकोन आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, अठराव्या शतकाच्या आरंभी, हाच विचार नियमांच्या रूपात आला. गडावर केरकचरा साचू द्यायचा नाही आणि तो गडाखाली न लोटता जागीच जाळून राख परसातल्या भाज्यांना घालायची. दारूखाना वस्तीपासून दूर ठेवायचा, तिथे सतत राखण ठेवायची, परवानगीवाचून माणूस फिरकू द्यायचा नाही. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यायचे आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचे. पाहणी, वाळवण, पुन्हा मोहोर हा क्रम लघुचित्रांच्या कपाटाला किंवा येवल्याच्या जुन्या पैठणीच्या पेटीला जसाच्या तसा लागू पडतो. तिथे धोका स्फोटाचा नसून बुरशी, कसर आणि वाळवीचा असतो, एवढाच फरक.

पेशवाईत हे काम कारखान्यांमध्ये वाटले गेले. जामदारखाना मौल्यवान वस्त्रे-वस्तूंचा, शिलेखाना शस्त्रांचा, दफ्तरखाना कागदांचा, फरासखाना तंबू, गालिचे आणि बैठकीच्या सामानाचा. पुण्यात फरासखाना हे नाव आज एका पोलीस ठाण्याला उरले आहे. देखभाल आणि बंदोबस्त यांचे नाते त्या नावात आपसूक टिकले. पेशवे दफ्तराचे कागद अजूनही कापडी रुमालांत बांधलेले मिळतात, कारण रुमालात धूळ अडते आणि हवाही खेळते. ते दफ्तर टिकले म्हणूनच १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करू शकले. ज्या फडावरच्या कारकुनांनी ते रुमाल वर्षानुवर्षे झटकले, उन्हात टाकले आणि पुन्हा बांधले, त्यांची नावे कोणत्याही मुखपृष्ठावर नाहीत. त्यांच्याशिवाय ते खंडही झाले नसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एवढी चोख व्यवस्था होती, तर ती फसली का? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो बाहेरून चालून आलेल्या शत्रूने केला नाही. पगारातले गारदीच वाड्यात शिरले आणि थकलेल्या पगाराची तक्रार हे त्यांचे निमित्त होते. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. त्या दिवशी भिंती उंच होत्या, दरवाजे भक्कम होते, हत्यारबंद माणसांची उणीव नव्हती. तुटली होती ती जबाबदारीची विभागणी आणि पहाऱ्यातल्या माणसाचे धन्याशी असलेले नाते. ज्याच्या हाती आपण दार सोपवतो, त्याचा पगार थकवणे ही सुरक्षेतली सर्वांत मोठी भेग असते. कंत्राटी एजन्सीकडून दर काही महिन्यांनी बदलणारे, दालनात काय आहे हे कुणीही कधी न सांगितलेले, किमान वेतनावरचे पहारेकरी नेमणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही तारीख लक्षात ठेवावी.

एकोणिसाव्या शतकात मात्र एक खरोखर नवा प्रश्न उभा राहिला. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजब बंगला’, १८६३ सालचा. भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि दारे जनतेला उघडायला १० जानेवारी १९२२ उजाडले. १९३८ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर आपला संग्रह मांडला. रवि वर्म्यांची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प साताऱ्याजवळच्या एका खेड्यात आले. जामदारखान्याचे रक्षण दार बंद ठेवून होई, कारण धनी एकच होता. संग्रहालयाचे धनी सगळे लोक. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवूनच राखण करायची असते. किल्लेदाराला कधीच न पडलेला पेच इथे रोज सकाळी पडतो: येणारा प्रत्येक जण मालकही आहे आणि संभाव्य धोकाही. म्हणून दालनात उभा राहणारा माणूस नुसता शिपाई असून चालत नाही. शाळेच्या सहलीतल्या मुलाचा हात शिल्पाकडे गेला, तर त्याला न दुखावता थांबवणे आणि त्या शिल्पाबद्दल एखादे वाक्य सांगणे, हे दोन्ही त्याला यायला हवे.

संग्रहालयांचे खरे नुकसान कशाने झाले, हे तपासले की केरसुणीचे महत्त्व पटते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह तेच काम १८७२ पासून नव्याने केले, आणि त्यातल्याही कितीतरी प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. मूळ भिंतींवरचा रंग तर तेव्हापासून झडतच गेला आहे. दोन पिढ्यांची मेहनत कुणी चोरली नाही. ती इमारतीच्या निष्काळजीपणात गेली. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय २०१६ साली आणि रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय २०१८ साली जळाले, तेव्हाही कुलपे शाबूत होती. चोरीतही बहुधा वहीच कमी पडलेली दिसते. १९११ च्या ऑगस्टमध्ये लूव्रमधून ‘मोना लिसा’ गेली, तेव्हा चोर तिथे काम केलेला कारागीर होता. चित्र जागेवर नाही हे दुसऱ्या दिवशी दिसले, तेव्हाही छायाचित्रणासाठी नेले असेल असेच आधी वाटले. वस्तू जागेवरून हलली तर कुठे, कुणी, केव्हा नेली, याची सबनिशी नोंद त्या दिवशी तिथे असती, तर ही शंका क्षणभरही टिकली नसती.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे. कॅमेरे, सेन्सर, अलार्म असताना जुन्या दफ्तराचा दाखला कशाला? याचे उत्तर २०१८ साली हैदराबादच्या निजाम संग्रहालयाने दिले. तिथे कॅमेरे होते, तरी चोर झरोक्यातून उतरले आणि सोन्याचा डबा घेऊन गेले. तो परत मिळाला, तो पोलिसांच्या चिकाटीमुळे. कॅमेरा घडलेले दाखवतो. झरोक्याचा गज सैल झाला आहे हे कळायला रोज तिथून फिरणारा माणूस लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर लूव्रमध्ये दिवसाढवळ्या, प्रेक्षक आत असताना, शिडीच्या ट्रकने खिडकी गाठून राजघराण्याचे दागिने लांबवले गेले. यंत्रे हवीतच. मात्र त्यांची दुरुस्ती झाली का, बॅटरी बदलली का, चित्रांच्या दालनात पाण्याऐवजी योग्य वायूची अग्निशामके आहेत का, पावसाळ्याआधी गच्चीच्या पन्हळी साफ झाल्या का, हे विचारणारा कारखानीस त्यांच्या मागे असावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जुन्या व्यवस्थेत ही पदे जातींनुसार वाटली जात: हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. परस्पर अविश्वास जातीच्या भिंतींवर उभा केला होता आणि केर काढणारे हात तर कोणत्याच पदाच्या यादीत नव्हते. हा भाग नाकारलाच पाहिजे. घ्यायची आहे ती कामांची विभागणी. त्यातही केरसुणीला किल्लीच्या आणि वहीच्या बरोबरीने मान द्यायचा, ही जुन्या कारभाराला न साधलेली दुरुस्ती आपल्याला करायची आहे. दालन झाडणाऱ्या बाईला भिंतीवरचा ओलावा अभिरक्षकाच्या आधी दिसतो. तिने तो सांगावा आणि सांगितलेले वहीत उतरावे, यासाठी वास्तू आणि सुरक्षा सांभाळणाऱ्या प्रमुखाला अभिरक्षकाच्या बरोबरीची खुर्ची हवी. त्याला शिपायांचा मुकादम समजले, तर असा निरोप जिन्यातच अडकतो.

पैशांचा प्रश्न उरतो, पण विश्वासाची विभागणी करायला पैसे फारसे लागत नाहीत. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली शासनाच्या हवाली केल्या. त्या देणगीमागे लोक या वस्तू आपल्याइतक्याच प्रेमाने जपतील, हा भरवसा होता. विंचूरसारख्या गावांत अजूनही घराघरांत जुन्या तलवारी, मोडी कागद आणि नऊवारीच्या पेट्या आहेत. त्या कधी काळी गावाच्याच एखाद्या दालनात याव्यात असे वाटत असेल, तर आधी तीन साध्या गोष्टींपासून सुरुवात करता येईल. किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे, आणि दर पंधरवड्याला पेटी उघडून ऊन दाखवणारे, झाडलोट करणारे तिसरे हात. त्या तिसऱ्या हातांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.